जुना डेस्कटॉप मंद झालाय, रॅम वाढवू का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः एका ठरावीक मशिनसाठी लिहिली आहेत: दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा इंटेल आय३ नाहीतर पेंटियम, एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचा) मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०११ ते २०१५ च्या सुमारास असेंबल करून घेतलेले असे डेस्कटॉप आजही घरात, महा ई-सेवा केंद्रात, डीटीपीच्या दुकानात आणि शाळेच्या संगणक कक्षात रोज चालू होतात. यापेक्षा नवं मशीन असेल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील. फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे.

दुकानदार म्हणतो, रॅम टाका, मशीन पळेल. खरं आहे का?

रॅम कमी पडत असेल तर खरं. पडत नसेल तर पैसे गेले आणि मशीन होतं तसंच.

तुम्ही उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅम, ब्राऊझरचा प्रत्येक टॅब, पार्श्वभूमीला चालणारा अँटिव्हायरस, या सगळ्यांना रॅममध्ये जागा लागते. जागा संपली तरी विंडोज थांबत नाही. ज्या भागाची लगेच गरज नाही तो उचलून हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ठेवतं आणि लागला की परत आणतं. अडचण वेगाची आहे. रॅममधली गोष्ट हाती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरची यायला १० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे लाखपट उशीर. एक्सेलमधून ब्राऊझरवर गेलात की पडदा पांढरा पडतो, माऊस अडकतो, कॅबिनेटमधून करकर ऐकू येते, ती या ने-आणीची खूण. रॅम वाढवली की ही ने-आण थांबते आणि फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

पण ने-आण होतच नसेल, तर ८ चे १६ जीबी करूनही काही बदलत नाही. मोकळी पडून राहिलेली रॅम वेग देत नाही.

मग रॅमच कमी पडतेय हे ओळखायचं कसं?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

मशीन नुकतं चालू केल्यावर मोजू नका. रोजचं काम करा. जे टॅब उघडे असतात ते उघडा, टॅली, वर्ड, व्हॉट्सॲप वेब, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, सगळं नेहमीसारखं चालू ठेवा. मशीन जिथे अडखळतं तिथे आल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडा.

‘इन यूज’ आणि ‘अव्हेलेबल’ हे दोन आकडे आधी पाहा. ४ जीबीच्या मशिनवर अव्हेलेबल ३०० - ४०० एमबीवर आलं असेल तर रॅमची ओढाताण आहे. त्याच्याजवळ ‘कमिटेड’ लिहिलेलं असतं आणि पुढे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ६.१/७.९ जीबी. पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून विंडोजकडे मागून घेतलेली एकूण मेमरी. तुमची रॅम ४ जीबी आणि हा आकडा कामाच्या वेळी सतत ६ च्या पुढे राहत असेल, तर ८ जीबी केल्यावर फरक पडणार याची मला खात्री वाटते.

अजून पक्कं करायचं असेल तर त्याच खिडकीतून रिसोर्स मॉनिटर उघडा आणि मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख बघा. एखादा प्रोग्रॅम उघडताना तो क्षणभर वर जातो, ते चालतं. मिनिटामागून मिनिटं वरच राहिला तर विंडोज डिस्कवरून पानं ओढून आणतंय.

आता उलट बाजू. मेमरी ५० - ६० टक्के आणि डिस्क मात्र १०० टक्के दिसत असेल, तर दोष हार्ड डिस्कचा आहे. मेमरी आणि डिस्क दोन्ही शांत आणि सीपीयू सतत १०० टक्के, तर प्रोसेसर थकलाय, नाहीतर हीटसिंकमध्ये (त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागात) धूळ साचून तो तापतोय. या दोन्ही ठिकाणी रॅम विकत घेऊ नका.

‘कॅश्ड’समोर मोठा आकडा दिसतो. ती जागा वाया जाते का?

नाही. मोकळ्या रॅममध्ये विंडोज अलीकडे वापरलेल्या फाइल ठेवून देतं, म्हणजे त्या पुन्हा चटकन उघडतात. एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की ती लगेच सोडली जाते. बघायचं ते अव्हेलेबलकडे.

खिसा एकाच गोष्टीची परवानगी देतो. रॅम घेऊ की एसएसडी?

मशिनमध्ये ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क असेल, विंडोज १० असेल आणि तुमचं काम दोन-चार टॅब, वर्ड आणि एखादं बिलिंग सॉफ्टवेअर एवढंच असेल, तर मी आधी एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, घ्यायला सांगेन. मशीन चालू होणं, प्रोग्रॅम उघडणं, अपडेट बसणं हे सगळं डिस्कवर अवलंबून असतं आणि तिथे रॅमची मात्रा चालत नाही. हार्ड डिस्क विखुरलेल्या छोट्या फाइल वाचताना सेकंदाला शंभरेक वाचनांपर्यंतच पोचते. साधी साटा (हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) एसएसडी हेच काम हजारोंनी करते. शिवाय एसएसडीवर पेज फाइल असली की रॅम अपुरी असतानाही मशीन गोठल्यासारखं होत नाही.

एच६१ बोर्डावर एसएसडी पूर्ण वेगाने चालणार नाही. त्या चिपसेटचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचेच आहेत, त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या ५५० एमबीऐवजी निम्म्याच्या आसपास वेग मिळेल. तरी घ्या. हार्ड डिस्कच्या मानाने छोट्या फाइल वाचण्यातला फरक तसाच प्रचंड राहतो.

दुसरीकडे, मशिनमध्ये एसएसडी आधीच असेल, किंवा तुम्ही वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवून काम करणारे असाल, किंवा फोटोशॉप आणि कोरलड्रॉ एकत्र चालत असतील, तर आधी रॅम.

४, ८, १६ की ३२? किती पुरेल?

घरचं काम, ऑनलाइन अर्ज, मुलांचा अभ्यास, टॅली: ८ जीबी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण त्यावर काम करताना जीव मेटाकुटीला येतो. नवीन काही घेणारच असाल तर ८ च्या खाली थांबू नका.

डीटीपी, फोटो स्टुडिओ आणि फ्लेक्सचं काम करणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तर ८,६४० गुणिले १७,२८० पिक्सेल होतात, म्हणजे जवळपास १५ कोटी. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांच्या मोडमध्ये प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. नुसता एक सपाट लेयर ६०० एमबीच्या घरात गेला. त्यावर पार्श्वभूमी, देवाचा फोटो, पाहुण्यांचे कापून लावलेले चेहरे, सावल्या, आणि शिवाय मागे जाण्यासाठी फोटोशॉप जपून ठेवतं ती हिस्टरी. ८ जीबी बघता बघता संपते. अशा कामाला १६ जीबी घ्याच, आणि बोर्ड परवानगी देत असेल आणि रोज हेच काम असेल तर ३२. पुढच्या काळात लागेल म्हणून घरच्या मशिनला ३२ जीबी लावण्यात मात्र काही अर्थ नाही.

माझ्याकडे ३२-बिट विंडोज आहे. त्याने काय फरक पडतो?

सगळाच. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही ग्राफिक्स आणि इतर भागांसाठी राखून ठेवलेले असतात. म्हणून सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘४ जीबी, ३.२ जीबी युजेबल’ असं काहीतरी दिसतं. तुम्ही ८ जीबी बसवली तरी हा आकडा हलणार नाही. रॅम घेण्याआधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाऊट इथे जाऊन ‘सिस्टिम टाइप’ वाचा.

प्रोसेसर ६४-बिट असेल, आणि वर सांगितलेल्या पिढ्यांचे सगळे आहेत, तर ६४-बिट विंडोज टाकता येतं. पण ३२ वरून ६४ ला थेट उडी मारता येत नाही, विंडोज नव्याने टाकावं लागतं. आधी डेटाचा बॅकअप. नंतर एक गोष्ट लोक विसरतात: तुमच्या जुन्या प्रिंटरचा, स्कॅनरचा, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते विंडोज टाकण्याआधी शोधा. डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत. एखाद्या पतसंस्थेत किंवा दुकानात असं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर अजून रोजच्या वापरात असेल तर त्याची सोय आधी लावा.

माझ्या मशिनला कोणती रॅम लागते, डीडीआर३ की डीडीआर४?

डीडीआरपुढचा आकडा म्हणजे रॅमची पिढी. ढोबळ मानाने असं: दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या इंटेलला डीडीआर३. सहाव्या पिढीपासून अकराव्यापर्यंत बहुतेक डीडीआर४. बाराव्या पिढीपासून बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५. एएमडीच्या एएम४ बोर्डांना डीडीआर४, एएम५ ला डीडीआर५. त्याआधीच्या कोअर टू ड्युओच्या मशिनला डीडीआर२ किंवा डीडीआर३ लागते.

एकाची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, दुसऱ्यात बसत नाही. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८, आणि प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी. व्होल्टेजही वेगळं: डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१ व्होल्ट. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका, चुकीची आहे असं समजा.

कॅबिनेट न उघडता बघायचं तर सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. मेमरीच्या पानावर प्रकार दिसतो, एसपीडीच्या पानावर प्रत्येक स्लॉटमधली स्टिक कोणत्या कंपनीची, किती जीबीची, कोणत्या वेगाची ते कळतं. त्या पानांचा मोबाइलने फोटो काढून दुकानात न्या. तोंडी सांगण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

बोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो?

जी३१ चिपसेट ४ जीबी, जी४१ ८ जीबी, एच६१ आणि एच८१ १६ जीबी, एच११० ३२ जीबी. या बोर्डांवर बहुतेक दोनच स्लॉट असतात, त्यामुळे एका स्लॉटमध्ये मावेल ती याच्या निम्मी. जी४१ वर एकच ८ जीबीची स्टिक लावून चालणार नाही, ४ आणि ४ लावाव्या लागतील.

ऑफिसमधून निघालेली ब्रँडेड मशिनं हल्ली पुष्कळ घरांत आली आहेत. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२० टॉवरला दोन स्लॉट आणि १६ जीबीची मर्यादा आहे. ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या टॉवरला चार स्लॉट, ३२ जीबीपर्यंत. ऑप्टिप्लेक्स ३०५० ला डीडीआर४, ३२ जीबीपर्यंत. एचपी आणि लेनोवोच्या मशिनची मर्यादा मॉडेल क्रमांक घालून कंपनीच्या संकेतस्थळावर सापडते.

बाजारात एक रॅम फारच स्वस्त मिळते. घेऊ का?

थांबा. यात दोन प्रकार असतात आणि दोन्ही माहीत असायला हवेत.

एक म्हणजे ‘एएमडी रॅम’ म्हणून विकली जाणारी ४ जीबीची डीडीआर२ किंवा डीडीआर३ स्टिक. तिच्यावरच्या चिपची आतली मांडणी अशी असते की एएमडीच्या जुन्या बोर्डांवर ती चालते आणि इंटेलच्या बोर्डांवर मशीन चालूच होत नाही. विकणारा हे बारीक अक्षरात लिहितो किंवा लिहीतच नाही.

दुसरी म्हणजे सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम. दिसायला अगदी तशीच, खाचही जुळते, १६ जीबीची एक स्टिक बघून मन मोहात पडतं. साध्या डेस्कटॉप बोर्डावर ती चालत नाही. लेबलवर पीसी३ च्या लांबलचक क्रमांकाच्या शेवटी ‘आर’ अक्षर दिसलं, किंवा मोठ्या चिपच्या रांगेच्या मधोमध एक वेगळी छोटी चिप दिसली, तर ती परत ठेवा.

जी४१ वाल्यांना आणखी एक सूचना. ४ जीबीची स्टिक घेताना दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशा सोळा चिप असलेलीच मागा. एकाच बाजूला आठ चिप असलेली नव्या घडणीची ४ जीबी स्टिक त्या चिपसेटला ओळखता येत नाही.

लेबलवर १३३३, १६००, १२८०० असे आकडे असतात. नेमकं काय घ्यायचं?

१६०० हा वेग आणि १२८०० ही त्याचीच दुसरी मोजणी, सेकंदाला १२,८०० एमबी. १६०० ला ८ ने गुणलं की तोच आकडा येतो. त्यामुळे डीडीआर३-१६०० आणि पीसी३-१२८०० ही एकच वस्तू. तसंच डीडीआर४-२४०० म्हणजे पीसी४-१९२००.

तुमच्या प्रोसेसरला १३३३ चालत असेल आणि तुम्ही १६०० ची लावली, तर ती १३३३ वर चालेल. बिघडत काही नाही. नव्या डीडीआर४ आणि डीडीआर५ स्टिकवर ३२०० किंवा ६००० छापलेलं असलं तरी कधीकधी तो वेग आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हा छापील वेगाचा पर्याय चालू करावा लागतो. जुन्या ऑफिस मशिनवर मात्र वेगाच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. तिथे जीबी महत्त्वाचे.

जुनी ४ जीबी तशीच ठेवून शेजारी नवी लावली तर चालेल?

बहुतेक वेळा चालते. प्रकार एकच हवा, डीडीआर३ ला डीडीआर३. वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगाने चालतात. कंपन्या वेगळ्या असल्या तरी सहसा अडत नाही. पण ‘सहसा’ हा शब्द इथे खरोखरच लागतो. दोन वेगळ्या घडणीच्या स्टिकमुळे मशीन मध्येच रीस्टार्ट होतं, असंही घडतं. म्हणून दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा: न जुळल्यास दोन-तीन दिवसांत बदलून द्यायची.

एक ८ जीबीची घेऊ की ४-४ च्या दोन?

वेगासाठी दोन. दोन सारख्या स्टिक लावल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशिनवर याचा फायदा जास्त, कारण तिथे पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून काढलं जातं. व्हिडिओ आणि हलके गेम यांत फरक डोळ्यांना दिसतो. टायपिंग आणि टॅलीत तो कळणारही नाही.

आधीची ४ आहे आणि ८ लावून १२ करायची असेल तरी हरकत नाही. इंटेलच्या बोर्डांवर ४ आणि ४ असा भाग जोडीने चालतो, उरलेला ४ एकट्याने. तुम्हाला बारा जीबी मिळतात आणि जोडीचा बराचसा लाभही.

चार स्लॉट असलेल्या बोर्डावर दोन स्टिक शेजारी-शेजारी लावू नका. एक सोडून एक लावायच्या असतात. नेमके कोणते स्लॉट ते बोर्डावर छापलेलं असतं किंवा मॅन्युअलमध्ये मिळतं.

डीडीआर३एल म्हणजे काय?

कमी व्होल्टेजची, १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३. चौथ्या पिढीपर्यंतच्या डेस्कटॉपवर ती सहसा १.५ व्होल्टवरही चालते. सहाव्या पिढीच्या ज्या थोड्या बोर्डांवर डीडीआर३ चा स्लॉट आहे तिथे मात्र ‘एल’चीच लावा, साधी नको. इंटेलने त्या प्रोसेसरना फक्त १.३५ व्होल्टची मान्यता दिली आहे.

कुठून घ्यावी? जुनी घेतली तर चालेल का?

रॅममध्ये फिरणारा, झिजणारा भाग नसतो. नीट वापरलेली जुनी स्टिक वर्षानुवर्षं चालते, त्यामुळे डीडीआर३ साठी सेकंडहँड घेण्यात मला काही वावगं वाटत नाही. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड यासाठी ओळखला जातोच, पण तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडेही मोडलेल्या मशिनमधून काढलेल्या स्टिक असतात, आणि तो दुसऱ्या दिवशी त्याच जागी भेटतो हा मोठा आधार. दुकानातच मशिनमध्ये लावून चालवून दाखवायला सांगा. कागदावर तारीख, जीबी आणि बदलून द्यायची मुदत लिहून घ्या.

नवी घेताना सीलबंद पाकीट, त्यावरचा आणि स्टिकवरचा अनुक्रमांक एकच आहे ना, आणि जीएसटीचं पक्कं बिल. वॉरंटीची मुदत मोठी असते, पण बिल हरवलं तर तिचा उपयोग करून घेणं अवघड जातं. लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

२०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जोरात चढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची मागणी एवढी वाढली की कारखान्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षभरापूर्वी शेजाऱ्याने कितीला घेतली यावरून आजचा अंदाज बांधू नका. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. भाव असे असताना टास्क मॅनेजरमध्ये न बघता रॅम घेणं तर मुळीच परवडणारं नाही.

स्वतः बसवता येईल का?

येईल. स्क्रू ड्रायव्हर आणि पंधरा-वीस मिनिटांची शांतता लागते.

मशीन शटडाऊन करा, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि कॅबिनेटमागची पॉवर केबल काढून घ्या. मग कॅबिनेटचं चालू करायचं बटण आठ-दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. बोर्डावर छोटा दिवा असेल तर तो विझलेला दिसला पाहिजे. केबल लावलेली असताना मशीन बंद दिसलं तरी बोर्डावर वीज असते, तेव्हा हा टप्पा टाळू नका.

कॅबिनेट आडवं ठेवून डावीकडची बाजू उघडा. धूळ साचली असेल तर ती गच्चीत किंवा गॅलरीत नेऊन मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हिवाळ्यात अंगावरची स्थिर वीज चिपला मारू शकते. गालिच्यावर बसून किंवा लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नका.

स्लॉटच्या टोकांच्या क्लिपा बाहेरच्या बाजूला दाबा. काही बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते. स्टिक कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा, मग दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. क्लिपा ‘टक्’ असा आवाज करत स्वतःहून बंद होतात. नवख्या माणसाला वाटतो त्यापेक्षा दाब बराच जास्त लागतो. टोक अर्धवट बसलं तर मशीन चालू होणार नाही.

बाजू लगेच बंद करू नका. आधी केबल लावून चालू करून बघा. डेलसारखी काही मशिनं मेमरी बदलल्याचा संदेश देऊन एखादं बटण दाबायला सांगतात, ते दाबा आणि पुढे जा.

रॅम लावली आणि आता मशीन बीप वाजवतंय, पडद्यावर काहीच नाही.

बहुतेक वेळा स्टिक नीट बसलेली नसते. वीज पूर्ण काढा, काढून पुन्हा लावा. तरी तेच असेल तर फक्त नवी एका स्लॉटमध्ये, मग फक्त जुनी, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये, अशी एकेक करून तपासा. दोष स्टिकचा की स्लॉटचा हे इतक्यातच कळतं.

जुनी स्टिक बऱ्याच वर्षांनी बाहेर काढली असेल तर तिच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा थर असतो. कोकणात आणि किनारपट्टीच्या दमट हवेत हे हमखास होतं. खोडरबराने घासण्याची पद्धत सगळीकडे आहे. पांढऱ्या मऊ रबराने हलक्या हाताने केलं तर चालतं, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाता कामा नये. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड चांगलं. पॉलिश पेपर कधीही वापरू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो.

८ जीबी लावली, विंडोज ७.९ दाखवतं. फसवणूक झाली का?

नाही. उरलेली मेमरी बोर्डावरच्या ग्राफिक्सने आणि इतर भागांनी राखून ठेवलेली असते. टास्क मॅनेजरमध्ये ती ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ म्हणून दिसते. ८ पैकी ४ च दिसत असतील तर मात्र एक स्टिक नीट बसलेली नाही, किंवा विंडोज ३२-बिट आहे.

नवी रॅम चांगली आहे हे कसं तपासायचं?

विंडोजच्या शोधपट्टीत विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक शोधा, ते मशीन रीस्टार्ट करून तपासणी करतं. अधिक कसून हवी असेल तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाका आणि रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दाखवली तरी स्टिक परत करा. ‘एखादी चूक चालते’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. खराब रॅममुळे फाइल नकळत बिघडतात, आणि ते महिन्यांनी लक्षात येतं.

रॅम वाढवल्यावर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बदलावा लागतो का? वीजबिल वाढेल?

नाही. एक स्टिक जेमतेम काही वॅट घेते.

रॅम साफ करणारी सॉफ्टवेअर, किंवा पेन ड्राइव्हची रॅम करणं?

रॅम क्लीनर चालू प्रोग्रॅमना जबरदस्तीने रॅममधून बाहेर काढतो. आकडा मोकळा दिसतो, पण पुढच्याच क्लिकला तेच सगळं डिस्कवरून परत आणावं लागतं. काढून टाका. पेन ड्राइव्हचा रेडीबूस्ट हा विंडोज व्हिस्टाच्या काळातला उपाय. तो रॅमला पर्याय नाही.

काही खर्च न करता आधी काय करून बघू?

टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या पानावरून नको ते प्रोग्रॅम बंद करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. क्रोममध्ये सेटिंग्ज, परफॉर्मन्स इथे मेमरी सेव्हर चालू करा, न पाहिलेले टॅब तो झोपवतो. अर्ज भरताना मात्र ती साइट त्यातून वगळा, नाहीतर अर्धा भरलेला फॉर्म पुन्हा कोरा होऊ शकतो. ४ जीबीच्या मशिनवर एवढ्यानेही काम हलकं होतं.

ऑल-इन-वन किंवा मिनी पीसीलाही हेच लागू का?

नियम तेच, पण त्यात लॅपटॉपची छोटी, एसओ-डिम प्रकारची स्टिक लागते. काहींत रॅम बोर्डावरच जोडलेली असते आणि ती वाढवता येत नाही. उघडण्याआधी मॉडेल क्रमांकावरून खात्री करा.

विंडोज १० संपलं म्हणतात. मग अशा जुन्या मशिनवर खर्च करावा का?

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव योजनेत नाव नोंदवल्यास घरगुती मशिनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि त्याला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची सोय) लागतं. रॅम कितीही वाढवली तरी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं मशीन त्या अटीत बसत नाही.

म्हणून असं करा. मशीन आठव्या पिढीचं किंवा नवं असेल तर रॅम आणि एसएसडीवर निःशंक खर्च करा, अजून बरीच वर्षं निघतील. जुनं असेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार किंवा लोकांची कागदपत्रं हाताळली जात असतील, तर नव्या रॅमचे पैसे रिफर्बिश्ड आठव्या-नवव्या पिढीच्या मशिनमध्ये घाला. जुनं मशीन मुलांच्या अभ्यासाला, टायपिंगला, शाळेच्या कक्षाला ठेवायचं असेल तर सेकंडहँड ४ जीबी लावून ८ करा, लहान एसएसडी बसवा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. त्यात मराठी टायपिंग होतं, वर्ड-एक्सेलसारखं लिबरऑफिस असतं, सुरक्षा अपडेट मोफत मिळतात.

काढलेल्या जुन्या रॅमचं काय करू?

चालू असेल तर भंगारात देऊ नका. चांदीरंगी अँटिस्टॅटिक पिशवीत, नाहीतर ज्या प्लास्टिकच्या खोक्यातून नवी आली त्यात ठेवा आणि वर ‘डीडीआर३, २ जीबी, चालू’ असं लिहा. गावातल्या शाळेत किंवा संगणक शिकवणाऱ्या केंद्रात एच६१ चं एखादं मशीन असतंच, त्यांना विचारा. बंद पडलेली असेल तर घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. काही नगरपालिका आणि महानगरपालिका त्यासाठी वेळोवेळी संकलनाचे दिवस ठेवतात.